मांजरा-भीमेच्या काठची दुहेरी अक्षरओळख

बिदर आणि कलबुर्गी ह्या दोन जिल्ह्यांची जी कड नांदेड, लातूर, धाराशिव आणि सोलापूर ह्या महाराष्ट्रातील जिल्ह्यांना लागून जाते, त्या कडेवरील एखाद्या गावात पाच-सहा वर्षांचे मूल पहिल्यांदा शाळेच्या पायरीवर उभे राहते तेव्हा त्याच्या हातातील पाटी कोरी असली तरी त्याचे कान कोरे नसतात. चुलीपाशी आईने मराठीत हाक मारलेली, शेजारच्या घरी ताकाचा तांब्या नेऊन देताना तिथल्या अव्वाने कन्नडमध्ये विचारपूस केलेली, आणि वडिलांबरोबर वेशीजवळच्या शिंप्याकडे गेले असता सदऱ्याच्या शिलाईची घासाघीस दखनीत चाललेली, इतके सारे एका सकाळीत ऐकून ते मूल आलेले असते; आणि कोणाशी कोणत्या भाषेत बोलावयाचे हा विवेक त्याला कोणीही शिकविलेला नसताना त्याच्या जिभेवर आपसूक वसलेला असतो. अशा मुलाला पहिल्या चार-पाच वर्षांत शाळेने काय द्यावे, ते कोणत्या भाषेत द्यावे, आणि दुसरी भाषा कोणत्या क्रमाने, किती बेताने त्याच्या हाती ठेवावी, हा प्रस्तुत पुस्तकाचा विषय आहे. पाठांचे नमुने, खेळ, शब्दसंग्रह हे सर्व पुढील प्रकरणांत आलेच आहे. माझ्याकडे काम आहे ते विषयाची भूमी दाखविण्याचे.

माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. सीमेवरील मुलाला दोन भाषा शिकवाव्या की एक, हा प्रश्नच मुळी चुकीचा मांडलेला आहे, कारण दोन भाषा त्याला आधीच येतात. प्रश्न आहे तो शाळेला त्या दोन्ही येतात की नाही हा. मुलाचे द्विभाषित्व ही ह्या मातीची वडिलोपार्जित इस्टेट आहे, आणि शाळेतील शिक्षक एकभाषी असला म्हणजे ती इस्टेट पहिल्याच वर्षी बेवारस ठरून खालसा होते.

हा मुलूख असा बहुभाषी का आहे, हे समजण्यासाठी जुने दफ्तर थोडे चाळावे लागते. निजामाच्या हैदराबाद संस्थानात तेलुगू, मराठी आणि कन्नड असे तीन भाषाप्रदेश एका अमलाखाली नांदत होते, आणि बिदर हा जिल्हा तर असा बसला होता की तिन्हींची टोके त्यात येऊन मिळावीत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्यरचना झाली तेव्हा ह्या एका जिल्ह्याच्या वाटण्या तीन राज्यांत झाल्या: अहमदपूर, निलंगा व उदगीर हे तालुके मराठवाड्याबरोबर तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, नारायणखेड आणि जहिराबादकडील भाग आंध्र प्रदेशात गेला, आणि बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद, बसवकल्याण हा गाभा म्हैसूर राज्यात राहिला. गुलबर्गा जिल्ह्यातून कोडंगल व तांडूर आंध्रकडे गेले आणि आळंद, अफझलपूर म्हैसुराकडे राहिले. तेव्हाचे म्हैसूर १९७३ साली कर्नाटक झाले, आणि गुलबर्ग्याचे नाव २०१४ पासून कलबुर्गी आहे. रेघ नकाशावर ओढता येते, सोयरिकींवर ओढता येत नाही. उदगीरची लेक कमलनगरला दिलेली, भालकीचा जावई निलंग्याचा, आणि विकाराबादहून परळीकडे जाणारी जी रेल्वे बिदर, भालकी, कमलनगर करीत उदगिराला पोहोचते तिच्या डब्यात राज्य कोणत्या रुळावर बदलले हे बोलण्यावरून ओळखणे आजही अवघड. पुढे महाराष्ट्र-कर्नाटक सीमेच्या वादासाठी १९६६ साली नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ मध्ये आला, महाराष्ट्राने तो मान्य केला नाही, आणि २००४ पासून सीमेचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. त्या दाव्याविषयी माझी मते आहेत, परंतु ती मी येथे मांडणार नाही. कारण दावा कोणाच्याही बाजूने लागला तरी त्या दिवशी पहिलीत बसलेल्या मुलाला दोन भाषांची गरज तितकीच राहील.

ह्या भूमीत दोन भाषांनी एकमेकींच्या अंगणात वावरावे ही गोष्ट नवी नाही. भीमा-अमरजेच्या संगमावरील गाणगापूर हे अफझलपूर तालुक्यात आहे, आणि तिथल्या नृसिंह सरस्वतींचे चरित्र ज्यांनी मराठी ओवीत लिहिले त्या सरस्वती गंगाधरांची मातृभाषा कन्नड होती. मराठी आपल्याला नीट येत नाही असे त्यांनी ग्रंथातच नम्रपणे नमूद केले आहे, आणि त्याच ग्रंथात त्यांनी कन्नड पदेही घातली आहेत. महाराष्ट्रात घरोघर ज्याचे सप्ताह होतात तो गुरुचरित्रासारखा ग्रंथ अशा रीतीने एका कानडी माणसाच्या दुसऱ्या भाषेत लिहिला गेला. परंपरेप्रमाणे ह्या ग्रंथाशी ज्या कडगंची गावाचा संबंध सांगतात ते आळंद तालुक्यात असून कर्नाटकाचे केंद्रीय विद्यापीठ आज त्याच गावच्या शिवारात उभे आहे. हुमनाबादजवळील माणिकनगरचे माणिकप्रभू (१८१७–१८६५) ह्यांची पदे मराठीत आहेत, कन्नडमध्ये आहेत आणि हिंदुस्थानीतही आहेत. गाणाऱ्याने सूर धरला म्हणजे भाषा पालटल्याचे श्रोत्याच्या ध्यानीही येत नाही. इतके थोर दाखले तरी कशाला हवेत? मार्गशीर्षातील अमावास्येला बिदर-लातूरचे शेतकरी ज्वारीच्या पिकात कडब्याची खोप घालून जी पूजा करतात, भज्जी आणि आंबिलीचे जेवण करतात, तिला आमच्याकडे येळवस म्हणतात, आणि शुद्ध बोलू पाहणारे लोक तिचे वेळ अमावास्या असे रूप करतात. परंतु ‘येळ’ म्हणजे वेळ नव्हे, तो कन्नड ‘एळ्ळु’, म्हणजे तीळ. अण्णा आणि अक्का, तूप आणि अडकित्ता, स्वयंपाकघरातला खलबत्ता, ही सारी कन्नडशी जुने नाते सांगणारी माणसे आणि वस्तू मराठी मुलाच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहेतच.

भाषाशास्त्रज्ञांनीही ह्या शेजाराची दखल घेतली आहे. सांगली जिल्ह्यातील कुपवाड येथे जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन ह्यांनी केलेला अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध झाला. शतकानुशतके एकाच गावात बोलल्या गेल्याने कन्नड, मराठी आणि उर्दू ह्यांची वाक्यरचना इतकी एकमेकींजवळ आली होती की शब्दास शब्द बदलला म्हणजे एका भाषेचे वाक्य दुसरीत उतरावे, असे त्यांना आढळले. कुपवाड आमच्यापासून दूर असले तरी औराद-भालकीच्या बाजारात उभे राहून ऐकणाऱ्याला त्यात काही नवल वाटणार नाही.

मग हा सहज वाहता व्यवहार शाळेच्या दारात येऊन का अडतो? त्याचा इतिहास वेदनेचा आहे, आणि ती वेदना एकाच भाषेच्या वाट्याला आलेली नाही. निजामी राजवटीत १८८४ च्या सुमारास फारसीच्या जागी उर्दू ही दरबारची भाषा झाली. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षण एका देशी भाषेतून देण्याचे मोठे धाडस केले खरे, परंतु ती देशी भाषा उर्दू असल्यामुळे वरच्या इयत्तांत मराठी, कन्नड वा तेलुगू मुलाला आपली भाषा उंबऱ्याबाहेर ठेवूनच आत जावे लागे. खाजगी शाळा काढावयाची तर सरकारी इजाजत लागे. अशा दिवसांत गुलबर्ग्यात १९०७ साली निघालेल्या नूतन विद्यालयाने मराठीचा दिवा त्या शहरात तेवता ठेवला. भालकीच्या हिरेमठाचे चन्नबसव पट्टद्देवरू, जे मूळचे कमलनगरचे, त्यांनी बाहेर उर्दू शाळेची पाटी लावून आत मुलांना कन्नड शिकविले ही हकीकत बिदर जिल्ह्यात आजही आदराने सांगितली जाते. मराठी वाचकांनी ही हकीकत परक्याची म्हणून ऐकू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. आपली भाषा मुलांना शिकविण्यासाठी दाराबाहेर दुसऱ्या भाषेची पाटी लावावी लागणे म्हणजे काय, हे ज्यांनी सोसले त्यांचे वारस आणि आज सीमेवर मराठी शाळा टिकवू पाहणारे पालक ह्यांना एकमेकांचे दुःख सर्वांत लवकर समजावयास हवे होते. आणि त्या पिढीत ते समजणारी माणसे होतीही. स्वामी रामानंद तीर्थ सिंदगीत एका कन्नड घरात जन्मले. त्यांनी हिप्परग्याच्या आणि अंबाजोगाईच्या शाळांत मराठी मुलांना घडविले. १९५२ साली ते गुलबर्ग्याहून लोकसभेत गेले आणि १९५७ साली औरंगाबादेहून. तेव्हा बिदर जिल्ह्यात असलेल्या निलंग्यास १९१० मध्ये जन्मलेले सेतु माधवराव पगडी मराठीचे मोठे इतिहासकार झाले, परंतु उर्दू, फारसी, कन्नड, तेलुगू आणि गोंडीही त्यांच्या हाताशी होत्या. ही माणसे त्या काळाचे अपवाद नव्हती, त्या भूमीचे पीक होती.

आता थोडे वर्गात जाऊ. मी नोकरीच्या पहिल्या वर्षी सीमेलगतच्या एका मराठी शाळेत दुसरीला शिकवीत असताना माझ्या वर्गात कन्नड घरातला एक मुलगा होता. गावात तीच शाळा जवळ म्हणून आईने त्याला तिथे घातले होते. तो ‘माझी फळा’ म्हणे, ‘ती पुस्तक’ म्हणे, ‘वही पडला’ म्हणे. मी प्रत्येक वेळी त्याला उभा करी, दुरुस्त करी, आणि पुन्हा चुकला म्हणजे त्याचे लक्ष नाही असा शेरा त्याच्या नावापुढे मांडी. महिन्याभरात तो बोलेनासा झाला. पुष्कळ वर्षांनी, कन्नड मन लावून शिकू लागलो तेव्हा कळले की त्या भाषेत फळा, वही आणि पुस्तक ह्या तिघांना मिळून एकच सर्वनाम आहे, ‘अदु’. पुरुष तो, स्त्री ती, आणि निर्जीव सगळे ते, इतका तो हिशेब स्वच्छ आहे. वही स्त्री का आणि फळा पुरुष का, ह्या प्रश्नाला मराठीपाशी उत्तर नाही, सवय आहे. आणि ती सवय ज्या मुलाला घरून मिळालेली नाही त्याला मी बेपर्वा ठरविले. त्याचा शांत झालेला चेहरा मला आजही दिसतो, आणि ह्या विषयावर मी जे काही बोलतो त्यामागे तो चेहरा आहे. शिक्षकाला मुलाच्या घरची भाषा अस्खलित बोलता आली पाहिजे असे नाही. परंतु चूक कुठून आली हे ओळखण्याइतकी तरी ती आलीच पाहिजे, नाही तर तो भाषेच्या नियमाला मुलाचा दोष समजून बसतो.

ह्याच्या उलट, एका भाषेने दुसरीचे ओझे कसे हलके करावे ह्याचाही दाखला वर्गातच मिळतो, आणि तो अंकांचा आहे. मराठीत आपण ‘एकवीस’ म्हणतो तेव्हा कानावर आधी एक येतो आणि मग वीस. लिहिताना मात्र आधी दोनाचा आकडा आणि मग एकाचा. सहा वर्षांच्या मुलाच्या पाटीवर एकविसाचे बारा होतात ते ह्याच उलटापालटीमुळे. त्यातून एकोणतीस म्हणजे तिसाला एक उणा, म्हणजे लिहावयाचे विसाच्या घरात आणि नाव तिसाचे. कन्नडमध्ये एकवीस म्हणजे ‘इप्पत्तोंदु’, वीस आणि एक. एकोणतीस म्हणजे ‘इप्पत्तोंबत्तु’, वीस आणि नऊ. जसे बोलावे तसे लिहावे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक’ अशी वाचनपद्धती आली तेव्हा महाराष्ट्रात किती वादंग झाले ते वाचकांना आठवत असेल. ज्या सोयीसाठी तिथे नवी शब्दयोजना करावी लागली ती सोय बिदरच्या मराठी मुलाला शेजारच्या अंगणात फुकट मिळते. मी ज्या शाळांत गेलो त्यांपैकी एकीत बाई मुलांकडून अंक आधी कन्नडमध्ये म्हणवून घेत, मग मराठीत, आणि मग पाटीवर लिहून घेत. पाढ्यांना तिथली मुले ‘मग्गी’ही म्हणत आणि पाढेही, आणि दोन्हींना सारखीच कंटाळत.

अक्षरांचेही तसेच आहे. देवनागरीला शिरोरेघ आहे, कन्नड अक्षराला ‘तलेकट्टु’. आपण जोडाक्षरे शेजारी जोडतो, तिथे दुसरे व्यंजन पहिल्याच्या पायाशी बसते आणि त्याला ‘ओत्तक्षर’ म्हणतात. आपली बाराखडी ती त्यांची ‘कागुणित’. क्रम एकच, उच्चारस्थाने तीच, वर्गांची मांडणी तीच. एक लिपी पक्की झालेल्या मुलाला दुसरी लिपी म्हणजे त्याच माणसांची दुसऱ्या कपड्यांतली ओळख होते. मात्र ‘पक्की झालेल्या’ ह्या शब्दांवर माझा भर आहे. दोन्ही लिप्या एकाच महिन्यात पाटीवर आल्या म्हणजे दोन्ही अर्ध्या राहतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पुढच्या इयत्तांत गणित, विज्ञान, भूगोल, इतिहास हे शब्द दोन्ही भाषांत एकच असतात, आणि ‘शिक्षण’ हाही. ‘शिक्षा’ म्हणजे दंड ह्याविषयीही मराठी आणि कन्नड ह्यांचे एकमत आहे, आणि पुढे हिंदी येऊन शिक्षा म्हणजे शिक्षण असे सांगू लागली म्हणजे दोन्हीकडची मुले सारखीच बुचकळ्यात पडतात.

कायद्याने ह्या मुलांना काय दिले आहे, हेही सांगावयास हवे. ऑगस्ट १९४९ मध्ये प्रांतोप्रांतीच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने ठरविले की शाळेत एका अल्पसंख्य भाषेची चाळीस मुले असली किंवा एका वर्गात दहा असली, तर त्यांच्यासाठी त्या भाषेचा निदान एक शिक्षक नेमावा. त्याच ठरावात एक कलम असे होते की प्राथमिक टप्प्यानंतर माध्यम बदलले तरी पहिली दोन वर्षे मुलाला आपल्या भाषेत उत्तरे लिहिण्याची मुभा असावी. ही दुसरी गोष्ट मला पहिलीइतकीच मोलाची वाटते, कारण ती ज्याने लिहिली त्याने माध्यम पालटताना मुलाच्या छातीवर पडणारा भार पाहिलेला असला पाहिजे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-अ हे कलम आले, आणि प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करणे हा राज्यांवर भार झाला. कर्नाटकात मराठी माध्यमाच्या सरकारी शाळा आहेत, राज्याची पाठ्यपुस्तके मराठीतही छापली जातात, आणि रोज सकाळी ह्या शाळांतील मुले कवी कुवेंपूंचे नाडगीत, म्हणजे राज्यगीत, गातात. त्यातले अक्षरही वाचता येण्यापूर्वी ते त्यांना पाठ असते. २०१५ च्या कायद्याने राज्यातील सर्व शाळांत पहिलीपासून टप्प्याटप्प्याने कन्नड शिकविणे आवश्यक झाले. ह्या शेवटच्या गोष्टीकडे काही मराठी मंडळींनी संशयाने पाहिले, तो संशय मला मान्य नाही. ज्या राज्यात मुलाने नोकरी मागावयाची, तहशिलीत अर्ज द्यावयाचा, दवाखान्यात दुखणे सांगावयाचे, त्या राज्याची भाषा त्याला उत्तम यावी ह्यात त्याचेच हित आहे. माझा आक्षेप वेगळा आहे: पहिलीत कन्नड कानाने द्यावे, गाण्याने, खेळाने, गोष्टीने द्यावे, तिची लिपी तिसरीपर्यंत थांबावी, आणि ती शिकविणाऱ्याला मराठी यावे. १९४९ च्या ठरावाने प्रादेशिक भाषा तिसरीपूर्वी नको म्हटले होते. लिपीपुरते मी ते आजही बरोबर मानतो, कानापुरते मुळीच नाही, कारण आमच्या मुलाचे कान पहिलीच्या आधीच उघडलेले आहेत.

माध्यमाचा हट्ट राज्याने धरावा की पालकाने, हा तंटाही न्यायालयात गेला. कर्नाटक सरकारने १९९४ साली पहिली ते चौथीचे शिक्षण मातृभाषेतून वा कन्नडमधूनच व्हावे असा हुकूम काढला. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निर्णय दिला की तशी सक्ती राज्याला करता येणार नाही, निवड पालकाची आहे. निर्णय झाला, आणि निवड बहुतेकांनी इंग्रजीची केली. पालकांना दोष देणे मला जमत नाही. मराठी शाळेतून सातवी झाल्यावर पुढे हायस्कूल कुठले, त्यानंतर कॉलेज कुठले, आणि उदगीर-लातूरला शिकून आलेल्या मुलाला कर्नाटकातली जागा कशी मिळावी, हे प्रश्न त्यांना रात्री झोपू देत नाहीत. इंग्रजी माध्यमाची पिवळी बस दारात येते तेव्हा ती ह्या सगळ्या प्रश्नांतून सुटका घेऊन आल्यासारखी वाटते. मात्र त्या बसमध्ये बसलेले मूल तीन वर्षांत मराठी वाचीत नाही, कन्नड लिहीत नाही, आणि इंग्रजीत आपले मन सांगू शकत नाही, असे मी एकाहून अधिक घरांत पाहिले आहे.

जगात इतरत्र हा प्रयोग कसा झाला, असे कोणी विचारील तर कॅनडाचे उदाहरण मुद्दाम पाहण्यासारखे आहे. माँट्रियलसमोर सेंट लॉरेन्स नदीच्या पैलतीरी सेंट लँबर्ट नावाचे गाव आहे. तिथल्या इंग्रजीभाषी पालकांनी १९६५ साली आग्रह धरून आपल्या मुलांना बालवर्गापासून संपूर्ण फ्रेंचमधून शिकविणारा वर्ग उघडविला. इंग्रजी वाचन पुढे दुसरीच्या सुमारास आले. वॉलेस लँबर्ट ह्या मानसशास्त्रज्ञाने त्या मुलांचा अनेक वर्षे पाठपुरावा केला, आणि त्यांचे इंग्रजी मागे पडले नाही, फ्रेंच मात्र उत्तम आले, असे दिसून आले. हे उदाहरण सांगून, ‘मग आपलीही मुले सरळ दुसऱ्या भाषेच्या शाळेत घाला, काही बिघडत नाही’ असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. ते एक गोष्ट विसरतात. सेंट लँबर्टच्या मुलांची इंग्रजी ही सबंध खंडाची प्रबळ भाषा होती. ती घरी होती, बाजारात होती, प्रतिष्ठेत होती. शाळेने तिला बाजूला ठेवल्याने ती झिजणार नव्हती. लँबर्टनेच पुढे भेद सांगितला की काही द्विभाषित्व भर घालणारे असते आणि काही वजा करणारे: दुसरी भाषा येताना पहिली जिथे उभी राहते तिथे बेरीज होते, आणि पहिलीला हुसकून दुसरी बसते तिथे वजाबाकी. औराद तालुक्यातल्या शेतमजुराच्या मुलीची मराठी ही सेंट लँबर्टच्या इंग्रजीसारखी भक्कम नाही. तिच्या घरात वर्तमानपत्रही येत नाही. तिला पहिल्या दिवसापासून निव्वळ कन्नड वा निव्वळ इंग्रजी वर्गात बसविणे म्हणजे वजाबाकीच. आणि हाच न्याय सोलापुरात अक्कलकोटच्या बाजूला मराठी वर्गात बसविलेल्या कन्नड मुलीलाही लागू आहे. तिथे मराठी बलवान आहे, म्हणून तिथे जबाबदारी आपली आहे. ज्याला बिदरमध्ये मराठी शिक्षक हवा त्याने अक्कलकोटात कन्नड शिक्षकासाठी तितक्याच तळमळीने अर्ज केला पाहिजे.

सगळे येऊन थांबते ते शिक्षकापाशी. पुस्तक चांगले असो वा भाषांतराने अवघडलेले असो, दोन्ही भाषा जाणणारा शिक्षक ते सावरून घेतो. आणि मी पाहिलेल्या शाळांत नेमका तोच दुर्मिळ झाला आहे. मराठी माध्यमाचा गुरुजी निवृत्त होतो, जागा वर्षभर मोकळी राहते, मग जवळच्या शाळेतून कोणी तरी आठवड्यातून तीन दिवस येतो. बदल्यांच्या यादीत भाषा हा रकाना असतो, परंतु दुसरी भाषा हा रकाना नसतो. तो असावा, अशी ह्या पुस्तकाची एक सूचना आहे आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते: सीमेवरील प्रत्येक प्राथमिक शाळेत निदान एक शिक्षक असा असावा की ज्याने दोन्ही भाषांची परीक्षा दिली आहे, आणि त्याबद्दल त्याला वेतनात वाढ मिळावी. बिदरमध्ये बहमनी वजीर महमूद गवानने १४७२ साली बांधलेल्या मदरशाची निळी फरशी आजही मिनारावर चमकते. दूरदेशच्या विद्वानांना ज्या गावाने आदराने बोलावून घेतले त्या गावाच्या जिल्ह्याला शेजारच्या तालुक्यातून एक दुभाषी गुरुजी आणणे अवघड वाटू नये.

गेल्या हिवाळ्यात भालकीकडील एका मराठी शाळेत चौथीच्या वर्गावर बसलो होतो. बाई मराठी घरातल्या, कन्नड पुष्कळ शिकलेल्या. त्या दिवशी फळ्यावर कन्नड लिपीत दोन शब्द होते. देवनागरीत लिहावयाचे तर दोन्ही ‘बेळे’. परंतु कन्नडमध्ये ऱ्हस्व ए आहे तसा दीर्घही आहे, आणि ऱ्हस्व ए घेतला तर अर्थ होतो पीक, दीर्घ घेतला तर डाळ. तुरीच्या मुलखातल्या मुलांना ह्याहून जवळचा पाठ कोणता असणार? बाईंनी दोन्ही शब्द म्हटले, मुलांनी म्हटले, परंतु फरक काही कानात भरेना. बाईंना स्वतःच्याही उच्चाराची खात्री वाटेना. तेव्हा त्या उठल्या, व्हरांड्याच्या टोकाला बिसियूट, म्हणजे शाळेतले दुपारचे जेवण, शिजत होते तिथे गेल्या, आणि स्वयंपाकाच्या अव्वांना हात धरून वर्गात घेऊन आल्या. अव्वांना वाचता येत नव्हते. त्यांनी पदराला हात पुसले, खिडकीबाहेरच्या तुरीच्या रानाकडे बोट केले आणि एक शब्द म्हटला. मग मुठीत आणलेली डाळ पुढच्या बाकावर ओतली आणि दुसरा म्हटला. मुलांनी म्हटले. अव्वांनी मान हलविली, नाही. पुन्हा म्हटले. तिसऱ्या खेपेला मागच्या रांगेतली एक मुलगी नेमकी बोलली, दोन्ही, एकापाठोपाठ एक. अव्वा हसल्या, म्हणाल्या ‘हां’, आणि बाकावरची डाळ दाणा न दाणा ओंजळीत गोळा करून चुलीकडे परत गेल्या.